निवृत्तीचा पहिला उन्हाळा आणि दहाव्या दिवसाचा नळ

या पंधरवड्यात आलेल्या पत्रांत एक गोष्ट सारखी आढळली. साठीच्या बऱ्याच आधी नोकरी सोडलेल्या वाचकांनी पत्राचा आरंभ पैशांनी केला आणि चौथ्या-पाचव्या ओळीत ते पाण्यावर आले. खान्देशात वैशाखाच्या तोंडावर याहून वेगळे काय होणार? मी स्वतः पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य घालवून ५३व्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली, तेव्हा दोन्ही विषयांवर जे अनुभवाने कळले ते सांगतो.

प्रश्न : मी ५४व्या वर्षी बँकेतून बाहेर पडलो. घरी आई, पत्नी आणि मी. आमच्याकडे नळाला दहाव्या दिवशी पाणी येते. किती साठवावे याचा अंदाज चुकतो, शिवाय ड्रममध्ये किडे होतात. दर वेळी उरलेले पाणी ओतून द्यावे का?

उत्तर : आधी मापाचे पाहू. जलजीवन मिशनने ग्रामीण घरांसाठी माणशी रोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. तीन माणसांना दहा दिवसांचे १,६५० लिटर होतात; वीज गेली किंवा पंप जळाला तर नळ आणखी दोन दिवस लांबतो, म्हणून बारा दिवसांचे सुमारे २,००० लिटर धरावेत. ‘टाकीत किती पाणी आहे’ असे न पाहता ‘टाकी किती दिवसांची आहे’ असे पाहण्याची सवय लावा. टाकीच्या आत उभ्या काठीवर दिवसांच्या खुणा केल्या की पाचव्या दिवशी आपण उधळे ठरलो की काटकसरी, हे भांडणाशिवाय कळते. बचतीला सर्वांत मोठी जागा संडासात असते, कारण फ्लशच्या टाकीतून एका वेळी आठ-दहा लिटर चांगले पाणी जाते. कपड्यांचे शेवटच्या खळबळीचे पाणी बादलीत धरून तेथे वापरले, तर पिण्याच्या किंवा आंघोळीच्या पाण्याला हात लावावा लागत नाही.

आता किड्यांविषयी. ते किडे म्हणजे डासांच्या अळ्या. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि उन्हाळ्यात अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. नळाची पाळीही दहा दिवसांची असल्यामुळे आपला ड्रम त्याला नेमका पुरेसा वेळ देतो. आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्यास सांगते त्याचे कारण हेच. परंतु दहाव्या दिवशी पाणी मिळणाऱ्या माणसाला ड्रम सातव्या दिवशी रिकामा करा असे सांगणे सोपे, करणे अवघड. त्यावर उपाय असा, की सातव्या दिवशी ड्रममधील पाणी दुहेरी सुती कापडातून दुसऱ्या भांड्यात गाळून घ्यावे, रिकाम्या ड्रमच्या कडा काथ्याने घासाव्यात आणि पाणी परत भरून तोंडावर कापड घट्ट बांधावे. घासणे टाळू नये, कारण अंडी पाण्याच्या पातळीलगत भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात. माझ्या निवृत्तीच्या पहिल्या उन्हाळ्यात मी ड्रम नुसते विसळत होतो. आयुष्यभर लोकांना शुद्ध पाणी पुरवल्याचा अभिमान बाळगणाऱ्या माझ्या घरातच पत्नीला डेंग्यू झाला, तेव्हा ती चूक मला कळली.

उरलेले पाणी ‘शिळे’ म्हणून ओतू नका. झाकलेले पाणी शिळे होत नाही, त्यात हात आणि तांब्या बुडवल्याने ते खराब होते. म्हणून पिण्याच्या भांड्याला तोटी तरी असावी किंवा लांब दांड्याचे ओगराळे असावे. टँकरचे गढूळ पाणी आले तर आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्यावा, वरचे पाणी काढून घ्यावे आणि मग बाटलीवरील प्रमाणाने क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबावे. हा क्रम उलटा केल्यास क्लोरीन गाळातच खर्ची पडते.

प्रश्न : आता दिवसभर घरी असतो, त्यामुळे कूलर सकाळपासून चालू राहतो. त्याला खरोखर इतके पाणी लागते का?

उत्तर : लागते. कूलर गारवा निर्माण करतो तो पाण्याची वाफ करूनच, आणि आपल्याकडील कोरड्या, तापलेल्या हवेत तो जितका चांगला चालतो तितका जास्त पाणी पितो. मोठा कूलर दुपारभर चालला तर ४०-५० लिटर सहज जातात, म्हणजे घरात आणखी एक माणूस वाढला असे समजा. बारा ते पाच या वेळात सर्वांनी एकाच खोलीत बसावे. रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर पाणी वाचवण्यासाठी पिणे मात्र कमी करू नये आणि उन्हाळ्यातील मात्रेबद्दल डॉक्टरांना अवश्य विचारावे.

प्रश्न : धुळ्याजवळ माझे छोटे घर आहे. ग्रॅच्युइटीच्या रकमेतून बोअर घेण्याचा विचार आहे. शेजारी म्हणतात, तीनशे फुटांवर नक्की लागेल.

उत्तर : ‘नक्की’ हा शब्द बोअरच्या बाबतीत कोणीही वापरू नये. खान्देशात जमीन एकसारखी नाही. तापीच्या काठाने गाळाचे जाड थर आहेत, सातपुड्याच्या पायथ्याशी यावल-रावेर भागात पाणी झटकन मुरवून घेणारा दगडगोट्यांचा पट्टा आहे, आणि तरीही केळीच्या बागांसाठी वर्षानुवर्षे झालेल्या उपशाने तेथील पाणी खोल गेले आहे. तुमच्याकडे काळा पाषाण. त्यात पाणी असते ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खालच्या भेगांत. भेग सापडली तर नशीब, नाहीतर तीनशेचे पाचशे फूट झाले तरी धूळच वर येते. आसपासच्या दहा बोअरना पावसाळ्यानंतर किती पाणी असते हे कोणीही सांगेल. तुम्ही मे महिन्यात किती असते ते विचारा. शिवाय सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर वा बोअर घेण्यास कायद्याची मनाई आहे, हेही पाहून घ्या.

मला विचाराल तर निवृत्तीची एकरकमी पुंजी या जुगारात घालू नये. तुमच्या घराचे छत १०० चौरस मीटर असेल आणि पाऊस ६०० मिलिमीटर झाला, तर गळती-बाष्पीभवन वजा जाता ४८,००० लिटर पाणी छतावरून उतरते. ते २,००० लिटरच्या चोवीस टाक्यांइतके आहे. पन्हळ, गाळणी आणि शोषखड्डा किंवा जमिनीखालची टाकी यांचे काम मृगाच्या आत पूर्ण होऊ शकते.

प्रश्न : वय ५६, खासगी कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती. टँकरचा खर्च वाढल्याने भविष्यनिर्वाह निधीची पेन्शन आताच सुरू करावी का?

उत्तर : दोन महिन्यांच्या टंचाईसाठी आयुष्यभराचे उत्पन्न घटवू नका. १९९५च्या पेन्शन योजनेत किमान दहा वर्षांची नोकरी असल्यास पन्नाशीनंतर पेन्शन घेता येते, परंतु ५८ वर्षांना जितकी वर्षे कमी, तितक्या वर्षांमागे ४ टक्क्यांप्रमाणे ती कापली जाते आणि ५८ पूर्ण झाल्यावर ही कपात भरून निघत नाही. तुम्हाला दुसरी वाट आहे. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना ५५ वर्षांनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत खाते उघडता येते, मात्र निवृत्तीचे लाभ हाती पडल्यापासून तीन महिन्यांच्या आत. मर्यादा ३० लाखांची आणि या लाभांच्या रकमेइतकी, व्याज दर तिमाहीला. टँकरसाठी बचत खात्यात वेगळी रक्कम ठेवा आणि तिला ‘उन्हाळा’ असेच नाव द्या.

प्रश्न : मी रिकामा आहे म्हणून कॉलनीने टँकरचे काम माझ्या गळ्यात घातले. रोज भांडणे होतात. सोडून देऊ का?

उत्तर : सोडू नका, पण एकट्याने करू नका. वही ठेवा, घरटी माणसांप्रमाणे हंडे ठरवा, आणि टँकर रिकामा होईपर्यंत नळीजवळ दर वेळी वेगळ्या घरातील दुसरा माणूस उभा करा. ज्याने एकदा दुपारी दीड वाजता उन्हात नळी धरली, तो दुसऱ्या दिवशी वाटपावर फारसा बोलत नाही.

प्रश्न : आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुलगी दोन नातवंडांसह पुण्याहून यायची आहे. पाण्याची ही अवस्था पाहून ‘यंदा नको’ म्हणावे असे मला वाटते. पत्नी ऐकत नाही. तुम्ही काय म्हणाल?

उत्तर : मी तुमच्या पत्नीच्या बाजूचा आहे. सासुरवाशिणीने माहेरी यायचे, झोका बांधायचा, पाण्याने भरलेली घागर पुजायची, असा हा सण ऐन टंचाईच्या दिवसांत येतो आणि आपल्या आज्यांनी तो नदीच्या वाळूत झिरे उकरून पाणी भरत साजरा केला आहे. हिशेब मांडून पाहा. तीन पाहुणे, चार दिवस, माणशी ५५ लिटर, म्हणजे ६६० लिटर. चार घरांनी मिळून ५,००० लिटरचा एक टँकर आखाजीच्या आदल्या दिवशी मागवला तर प्रत्येकाच्या वाट्याला १,२५० लिटर येतात आणि पाहुण्यांचे भागून उरतातही. शॉवरची चावी मात्र बंद ठेवा, नातवंडांना बादली आणि तांब्या द्या. कुरडया, बिबड्या अशा वाळवणांचा घाट यंदा पाहुणे येण्याआधीच उरकून घ्या, कारण त्यांच्या मागे भांडी फार निघतात. तुम्ही टाकीतील काठीवरच्या खुणा नातवाला दाखवा आणि रोज संध्याकाळी आकडा त्यानेच पाहून यायचा असे ठरवा. आता मुलीला फोन करून ‘आखाजीले ये’ असे सांगा, आणि तो पत्नीने करण्याऐवजी तुम्हीच करा.