मुलगी हिशेब अचूक करते, पण शाब्दिक उदाहरण आलं की "बेरीज की वजाबाकी?" विचारते. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी चौथीत आहे, पाढे तोंडपाठ आहेत, हातच्याच्या वजाबाक्या चुकत नाहीत, पण शाब्दिक उदाहरण दिसलं की पुरतं न वाचताच "बेरीज की वजाबाकी?" विचारते. मी दापोली तालुक्यात, हर्णैजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिसरी-चौथीची मुलं एकाच वर्गात बसतात. तुमच्या मुलीसारखी मुलं दरवर्षी माझ्यासमोर असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ती विचारते, कारण तिला उत्तर मिळतं. आपण घाईत असतो, "अगं, वजाबाकी" म्हणून मोकळे होतो. पण त्या उदाहरणात विचार करण्यासारखं तेवढंच होतं, आणि ते आपण करून टाकलं. राहिलेली आकडेमोड तिला येतेच. मीही कित्येक वर्षं हेच केलं. वर "एकूण दिसलं की बेरीज, उरले दिसलं की वजाबाकी" अशी किल्लीही मुलांच्या हाती दिली. ती किल्ली घातक आहे. हे उदाहरण तिला देऊन बघा: "आजोबांनी बाजारात 65 नारळ विकले. 35 उरले. घरून निघताना त्यांच्याकडे किती नारळ होते?" 'उरले' बघून वजाबाकी करणारी मुलं 30 लिहितात. घरून 30 नारळ नेणाऱ्या माणसाने 65 विकले कसे, हे त्यांच्या मनातही येत नाही.

फ्रान्समध्ये ग्रेनोबल इथे 1979 च्या सुमारास लहान मुलांना एक उदाहरण घातलं होतं: जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? 97 पैकी 76 मुलांनी दिलेले आकडे वापरून वय काढून दाखवलं. ही गोष्ट वाचली तेव्हा वाटलं, आमची मुलं दर्यावरची, ती फसणार नाहीत. कप्तानाऐवजी तांडेल, म्हणजे आमच्याकडचा होडीचा कप्तान, केला आणि वर्गात विचारलं. अकरापैकी आठ वह्यांत 36. एकीला विचारलं, बेरीजच का? ती म्हणाली, "वजा केले तर सोळा येतात. सोळाचा तांडेल कसा असेल, बाई?" त्या उत्तराने मी थांबले. पोरगी विचार करत होती, उत्तर शक्य आहे की नाही हेही तपासत होती. फक्त "हे यावरून काढताच येत नाही" असं म्हणायची मुभा गणिताच्या तासाला असते, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून आठवड्यातून एकदा मी न सुटणारं उदाहरण देते, कधी नको ती माहिती घातलेलं देते. आणि रोजचं उदाहरण आधी आकडे न घेता सांगायला लावते. "काय झालं ते सांग. कोण होतं, काय आणलं, काय गेलं, आपल्याला काय शोधायचंय?" गोष्ट नीट सांगता आली की करायचं काय ते बहुतेक वेळा मुलाला आपोआप दिसतं. नाही दिसलं तर चित्र काढायचं: चौकोन, रेघा, काहीही. मग अंदाज: उत्तर शंभराच्या वर जाईल की खाली? हिशेब त्यानंतर. घरी हे करताना सगळ्यात कठीण काम तुमचं आहे, गप्प राहण्याचं. प्रश्न विचारल्यावर मनात तीसपर्यंत मोजा. पहिले काही दिवस ती चिडेल, रडेलही. तरी सांगू नका. आणि तिचं खोडरबर बाजूला ठेवा. चुकलेली वाट वहीत राहू दे, तिच्यावर नुसती एक रेघ मारायची.

बाजारात तिला बरोबर न्या. एकीकडे 200 रुपयांना सहा बांगड्यांचा वाटा आहे, दुसरीकडे 300 ला दहांचा, मासळी सारख्याच आकाराची. कुठला घ्यायचा? भागाकार नको, तिला सुचेल तसं करू दे. माझ्या वर्गातल्या एका मुलाने दोन्हीकडे 600 रुपये खर्च केले, इकडे अठरा आले, तिकडे वीस. ही रीत मी त्याला शिकवली नव्हती.

बरोबर आलेल्या उत्तरालाही "कशावरून?" विचारायची सवय लावा. फक्त चुकल्यावरच विचारलं तर मुलं लगेच उत्तर बदलतात. यासाठी माझं आवडतं काम कापरेकरांचं आहे. द. रा. कापरेकर 1905 साली डहाणूला जन्मले, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावर, आणि नोकरी केली देवळालीला शाळामास्तर म्हणून. 6174 या संख्येचा त्यांनी 1949 साली लावलेला शोध जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. खाली सांगते ती वजाबाकी चार अंकी संख्येवर करत गेलं की शेवटी 6174 येते. चौथीला तीन अंकांचं रूप पुरतं. तीनही अंक सारखे नसलेली कुठलीही तीन अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा. 952 मधून 259 गेले, 693. मग 963 मधून 369 गेले, 594. मग 954 मधून 459 गेले, 495. आता पुढे कितीही वेळा करा, 495 च. (मध्येच 99 आले तर 099 लिहायचं, नाहीतर गाडी अडते.)

एका बैठकीत पंचवीस वजाबाक्या होतात, कंटाळा न येता. पण खरी मजा "काय दिसतंय?" विचारल्यावर येते. कुणीतरी म्हणतं, मधला अंक दरवेळी 9 येतो. कशावरून? नेहमी येईल? गेल्या वर्षी एका मुलीला हे सांगायला दोन दिवस लागले: "मधले अंक वरखाली सारखेच असतात. एककाला कमी पडतं म्हणून मधल्यातनं एक दशक द्यावं लागतं. मग मधला एकाने कमी पडतो. शतकाकडून दहा आणले की नऊ राहणारच." चौथीतल्या मुलीची ही सिद्धता आहे. तुमच्या मुलीला दोन आठवडे लागले तरी लागू देत. कडेचे दोन अंक मिळून नेहमी किती होतात, हे मी मुद्दाम इथे लिहीत नाही.

अजून एक, कारण तुमचंही घर किनाऱ्याजवळ आहे. पावकी, निमकी, पाऊणकी (पाव, अर्धा, पाऊणचे पाढे) हल्ली कुणी पाठ करत नाही, पण दर्यावर जाणारी जुनी माणसं भरतीची वेळ पाऊणकीने काढतात. तिथीची पाऊणपट करायची: चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे साधारण तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. हा आडाखा एका मुलाने आजोबांकडून शिकून वर्गात आणला. आम्ही फळ्यावर पंधराही तिथी मांडल्या. पौर्णिमेला सव्वाअकरा, दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण. तो फळ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, रोज पाऊण तासच पुढे जातेय, मग इथे एकदम दीड तास कशी गेली?"

सगळा वर्ग त्यावर बसला. पंधरवड्याने भरती पुन्हा घड्याळातल्या त्याच वेळेला यायची, म्हणजे पंधरा तिथींत पूर्ण बारा तास व्हायला हवेत, होतात सव्वाअकरा, पाऊण तास कमी. तो पंधरांत वाटला की तिथीमागे तीन मिनिटं. म्हणजे 45 नाही, 48. मुलांनी हा आकडा समुद्राला न विचारता काढला होता, म्हणून मग पंधरवडाभर धक्क्यावर जाऊन वेळा लिहायचं ठरलं. रोज तंतोतंत 48 येत नाहीत, समुद्र थोडा मागेपुढे करतो, त्यावरही भांडणं झाली. तो मुलगा वही घेऊन आजोबांकडे गेला. आजोबा म्हणाले, होडी काढायला पाऊणकी पुरते. दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन त्याने विचारलं, "पुरते म्हणजे किती चुकलं तर चालतं?"