सहा वर्षांच्या मुलाचा स्टार चार्ट आठ दिवसांतच फसला. आता काय करावं?

तुम्ही लिहिलंय की काम केलं की स्टार आणि स्टार जमले की बक्षीस, अशा तुमच्या मुलाच्या चार्टवर सात कामं आहेत आणि त्यातलं एक ‘शहाण्यासारखं वागणं’ आहे. भांडण केलं की स्टार खोडला जातो. आणि आता नुसतं पाणी आणून दे म्हटलं तरी चिरंजीव विचारतात, ‘किती स्टार?’ त्याचं काही चुकलेलं नाही. चार्टनं शिकवलं तेच तो करतोय.

आधी तो चार्ट उतरवा. रागानं नको, ‘हा जरा मोठाच झाला, आपण छोटा करू’ एवढंच सांगा. जमलेल्या स्टारांचं बक्षीस देऊन जुना हिशेब मिटवा. नवा लगेच लावू नका. पाच दिवस नुसतं बघा: रोज कशावरून वाजतं, आणि ते काम तो न सांगता किंवा एकदाच सांगून किती वेळा करतो. कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहिता ना, त्याच चौकटीत कोपऱ्यात एक टिंब करत जा. मुलाला सांगू नका. हा आकडा लागतो, कारण पहिलं बक्षीस त्याच्या जेमतेम वर ठेवायचं असतं. पाचात दोनदा करत असेल तर तीन स्टारांना बक्षीस. पहिल्याच आठवड्यात ते हातात पडलं पाहिजे. ‘तीस स्टार झाले की सायकल’ म्हणजे सहा वर्षांच्या मुलाला पीएफ दाखवण्यासारखं आहे.

काम एकच घ्या, फार तर दोन. ते अशा शब्दांत लिहा की दारात उभ्या शेजाऱ्यालाही बघून ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ सांगता येईल. ‘शहाण्यासारखं वागणं’ याचा निकाल रोज आईबाबांच्या मूडवर लागतो. ‘दप्तर आवर’ हेसुद्धा मोघमच. ‘रात्रीच्या जेवणाआधी उद्याच्या वह्या-पुस्तकं दप्तरात, पेन्सिल-खोडरबर पाउचमध्ये’ हे चालेल. पहिलीच्या मुलाला वेळापत्रक वाचायला अवघड जात असेल तर त्यात प्रत्येक विषयाला एका रंगाचा ठिपका द्या आणि तोच ठिपका वहीच्या कव्हरवरही लावा. ‘ताईला मारायचं नाही’ असली नकाराची कामं चार्टवर चालत नाहीत. सकाळी आठला एक फटका बसला की उरलेला दिवस फुकट. त्याऐवजी ‘खेळणं तोंडानं मागितलं’ असं लिहा, आणि जेव्हा जेव्हा मागितलं तेव्हा तेव्हा स्टार.

सामान म्हणाल तर अर्धा कार्डशीट, स्केचपेन आणि गोल टिकल्यांचं एक पाकीट. स्टारऐवजी टिकलीच लावायची, महागडे स्टिकर लागत नाहीत. चार्ट दप्तर ठेवतो त्याच भिंतीवर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. फ्रिजच्या माथ्यावर लावलेला चार्ट मोठ्यांसाठी असतो. टिकली त्यानं स्वतः लावायची, काम झाल्याच्या मिनिटभरात. रात्री बाबा आल्यावर एकदम चार टिकल्या लावल्या तर कोणती कशाची हे त्याला कळत नाही. लावताना काय झालं ते बोलून दाखवा: ‘आज न सांगता दप्तर भरलंस.’ ‘गुड बॉय’ ऐकून उद्या नेमकं काय करायचं ते समजत नाही.

खोडणं पूर्ण बंद. कमावलेली टिकली कमावलेली. भांडणाचं काय करायचं ते वेगळं बघा, त्याचा या कागदाशी संबंध नाही. खोडून खोडून शून्यावर आलेलं मूल ‘आता जायचं काय राहिलंय’ म्हणून आणखी मोकाट सुटतं. काम झालं नाही त्या दिवशी चौकट कोरी राहील, फुली नको. ‘सलग सात दिवस’ अशी अटही नको, एका तापानं सगळी मेहनत वाया जाते.

बक्षिसात पैसे, चॉकलेट आणि मोबाइल टाळा, त्यांचा भाव दर आठवड्याला चढतो. रविवारी पोहे की घावन हे तो ठरवेल, बागेत पंधरा मिनिटं जास्त, झोपताना दोन गोष्टी, बाबांबरोबर कॅरमचा एक डाव, अशी पाच-सहा बक्षिसं त्यालाच विचारून लिहून ठेवा.

घरात आजी-आजोबा असतील तर नियम त्यांनाही पहिल्या दिवशीच सांगा. ‘रडू नको बाळा, घे टिकली’ अशी एकच टिकली चार्टचा निकाल लावते. ताईचाही चार्ट करणार असाल तर तो वेगळ्या भिंतीवर आणि वेगळ्या कामाचा असू दे. एका कागदावर दोन नावं आली की शर्यत सुरू.

आता ‘किती स्टार?’. उत्तर एकच, दर वेळी तेच: ‘टिकली फक्त दप्तराची. पाणी आपण एकमेकांना असंच देतो.’ घासाघीस नको. जे तो मुळात आवडीनं करतो, म्हणजे चित्र काढणं, गोष्टी वाचणं, आजीबरोबर मटार सोलणं, त्याला टिकली कधीच लावू नका. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या, चित्रकलेची आवड असलेल्या ३ ते ५ वर्षांच्या मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. ‘चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र देऊ’ असं आधी सांगितलेली मुलं पुढे मोकळ्या वेळेत इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. ज्यांना न सांगता अचानक प्रशस्तिपत्र मिळालं, त्यांची आवड मात्र टिकली. म्हणून टिकल्या कंटाळवाण्या कामापुरत्याच.

आणि जे मुलाच्या हातात नाही त्यालाही नाहीत. कोरड्या अंथरुणाला टिकली नको, झोपण्याआधी शूला जाऊन आला याला चालेल. ताट संपवण्यालाही नको, भूक नसताना खायची सवय लागते.

दहापैकी आठ दिवस न सांगता जमू लागलं की बक्षीस तीनवरून पाच टिकल्यांना, मग आठवड्यातून एकदा, आणि तो कागद भरला की नवा लावायचाच नाही. साधारण महिनाभराचा खेळ आहे. नंतर गाडी घसरलीच तर आठवडाभर पुन्हा लावा, त्यात कमीपणा नाही.

दोन आठवडे होऊनही काहीच हललं नाही तर बक्षीस वाढवू नका. तो दप्तर भरताना शेजारी बसून नेमका कुठे अडतो ते बघा. बऱ्याचदा वही सोफ्याखाली गेलेली असते आणि ती शोधण्यातच त्याचा धीर संपतो. तिथे टिकली कामाची नाही, दप्तराशेजारी वह्यांसाठी एक खोका ठेवा.