शेजारचा फ्लडलाइट थेट पलंगावर

प्रश्न : चोरीच्या भीतीने शेजाऱ्यांनी गच्चीच्या कठड्यावर मोठा एलईडी फ्लडलाइट लावलाय. तो रात्रभर चालू असतो आणि उजेड थेट सासूबाईंच्या पलंगावर पडतो. जाड पडदे लावले तर उकाड्याने जीव जातो. यावर काही कायदा आहे का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, माझं आयुष्य वायरिंग आणि दिव्यांच्या कामात गेलं. सासूबाईंची झोप हा किरकोळ विषय नाही. रात्री डोळ्यांवर उजेड पडला की शरीरात झोपेला मदत करणारं मेलाटोनिन कमी तयार होतं. त्यात पांढऱ्याफेक एलईडीचा निळसर प्रकाश जास्तच बाधतो.

आवाजासाठी आपल्याकडे २००० सालचे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ ही वेळही ठरलेली आहे. उजेडासाठी असा देशभराचा नियम नाही. इंग्लंडमध्ये २००५ च्या कायद्याने त्रासदायक कृत्रिम प्रकाश उपद्रवात धरला आणि तिथल्या स्थानिक परिषदा त्यावर नोटीस काढू शकतात. आपल्या नगरपालिकांनाही हा अधिकार मिळायलाच हवा. तोवर दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागता येतो, पण त्याला वेळ आणि पैसा लागतो. पलंगावर पडलेल्या उजेडाचे तारखेसह फोटो मात्र आजपासूनच काढून ठेवा.

खरा दोष दिव्यात नाही, तो बसवण्यात आहे. फ्लडलाइट आडवा रोखला की समोरच्याचे डोळे दिपतात आणि कठड्याखालचा कोपरा अंधारातच राहतो. चोराला तोच कोपरा सोयीचा! पट्टीचे नट सैल करून दिव्याचं तोंड जमिनीकडे वळवायचं, वरून पत्र्याची झडप लावायची. माणसाची चाहूल लागली की पेटणारा सेन्सर जोडला तर वीजही वाचते. बदलायचाच झाला तर ३००० केल्विन (हे उजेडाच्या रंगाचं माप) किंवा त्याखालचा पिवळसर दिवा घ्यावा. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं आकाश काळोखं राखलेलं ठिकाण, म्हणून मान्यता मिळाली. त्याआधी आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे असेच जमिनीकडे वळवले होते. गावं काही अंधारात गेली नाहीत.

तक्रार करण्याआधी शेजारच्या वहिनींना रात्री नऊच्या सुमारास घरी बोलवा आणि सासूबाईंच्या खोलीत घटकाभर बसवा. आपला दिवा इथवर पोचतो, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. "दिवा काढा" म्हणू नका, "खाली वळवा" म्हणा. वायरमनचे पैसे तुम्ही देऊ केलेत तर काम लवकर होईल.