आई-बाबांच्या शेंगेन व्हिसासाठी (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) प्रवास विमा भारतातून काढावा की जर्मनीतून?

दोन्ही चालतं. नियमाप्रमाणे अर्जदार राहतो त्या देशातून विमा काढणं अपेक्षित आहे, पण बोलावणाऱ्यालाही त्यांच्या नावाने काढता येतो.

संरक्षण किमान 30,000 युरोचं हवं. भारतीय पॉलिसी बहुधा डॉलरमध्ये असतात, त्यामुळे 30,000 डॉलरची घेऊ नका, कमी पडेल. सरळ 50,000 डॉलरची घ्या. ती सगळ्या शेंगेन देशांत लागू असावी. तातडीचे उपचार, रुग्णालयाचा खर्च आणि भारतात परत आणण्याचा खर्च तिच्यात धरलेला हवा. तारखा जाण्या-येण्याचे दोन्ही दिवस धरून टाका, वर दोन-चार दिवस जास्तच असू द्या. नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच.

खरी गोम वयात आणि जुन्या आजारांत आहे. बीपी, शुगर लपवून हप्ता थोडा कमी होईल, व्हिसाही मिळेल, पण तिकडे ॲडमिट व्हायची वेळ आली की दावा नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. साठीपुढच्या बऱ्याच पॉलिसींत खोलीभाडं, शस्त्रक्रिया यांवर वेगवेगळ्या मर्यादा असतात. एजंट हे आपणहून सांगत नाही, तुम्हीच विचारा.

व्हिसा नाकारला तर हप्ता परत मिळतो का, तेही आधीच पाहून ठेवा.