गाडी-सल्ला : हेमी डार्टचे दोन अ‍ॅक्सल

प्रश्न : 1968 च्या डॉज हेमी डार्टविषयी वाचताना असे आढळले की, कारखान्यातूनच ड्रॅग रेसिंगसाठी, म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतींसाठी निघालेल्या या गाड्यांपैकी चार गिअरच्या गाडीला मागे डेना कंपनीचा डेना 60 हा अ‍ॅक्सल होता आणि ऑटोमॅटिक गाडीला क्रायसलरचा स्वतःचा पावणेनऊ इंची. इंजिन तेच आणि बॉडीही तीच असताना अ‍ॅक्सल दोन का? ऑटोमॅटिकवाल्यांना हलका माल दिला असे समजायचे का?
— एक गॅरेजवाले वाचक, कोल्हापूर

उत्तर : तसे समजू नये. कोणता भाग कशामुळे तुटतो याचा किती बारकाईने विचार झाला होता, हे या एका फरकावरून कळते, आणि म्हणूनच आपला प्रश्न मला फार मोलाचा वाटला.

ज्यांना ही गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. त्या वर्षी क्रायसलरने डॉज डार्ट आणि प्लिमथ बॅराकुडा या आपल्या लहान गाड्यांत 426 घनइंचांचे, म्हणजे जवळजवळ सात लिटरचे हेमी (अर्धगोल ज्वलनकक्षाचे) इंजिन बसवून घेतले. जुळणीचे काम मिशिगनमध्ये हर्स्ट कंपनीकडे होते आणि सुमारे 80 डार्ट व 70 बॅराकुडा तयार झाल्या. पुढची मडगार्डे व बॉनेट फायबरग्लासचे, दारांचे पत्रे आम्लात बुडवून पातळ केलेले, खिडक्यांच्या काचाही पातळ आणि त्या वर-खाली करायला हँडलऐवजी नुसता पट्टा. मागचे सीट नाही, हीटर नाही, आणि मागच्या चाकांवर भार यावा म्हणून बॅटरी डिकीत. गाडी सार्वजनिक रस्त्यासाठी नाही आणि तिला हमी नाही, असे कंपनीने स्पष्ट लिहूनच ती विकली. कागदोपत्री इंजिनाची ताकद 425 अश्वशक्ती होती, प्रत्यक्षात ती त्याहून बरीच जास्त होती.

आता अ‍ॅक्सलकडे वळू. चार गिअरच्या गाडीत क्राऊन-पिनियनचे, म्हणजे त्यातल्या मोठ्या व लहान दातेरी चाकांच्या जोडीचे गुणोत्तर 4.88 होते आणि पहिल्या गिअरचे सुमारे 2.65. दोन्हींचा गुणाकार केला तर इंजिनाचा पीळ (टॉर्क) मागच्या चाकांपर्यंत जाताना जवळजवळ तेरा पट होतो. ऑटोमॅटिकमध्ये 4.86 आणि 2.45 यांचा गुणाकार बारा पटींच्या आसपास येतो, परंतु गाडी उभ्या जागेवरून सुटताना टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा पीळ तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) त्यात आणखी भर घालतो. म्हणजे नुसते गणित मांडले तर ऑटोमॅटिकच्या अ‍ॅक्सलवर येणारा पीळ कमी नाही, उलट काही क्षण तो जास्तच असू शकतो. तरीही त्या गाडीला लहान अ‍ॅक्सल पुरला.

याचे उत्तर हिसक्यात आहे. बंद पडलेली जीप दोरखंडाने ओढण्याची वेळ आपल्यावर अनेकदा आली असेल. सैल दोर एकदम हिसकला तर तुटतो आणि तोच दोर आधी ताणून घेऊन मग ओढला तर जीप घाट चढून येते. चार गिअरच्या हेमीमध्ये चालक इंजिन चढ्या फेऱ्यांवर धरून क्लच झटक्यात सोडतो. त्या क्षणी इंजिनाच्या पिळाबरोबरच गरगर फिरणाऱ्या फ्लायव्हीलची आणि क्रँकशाफ्टची साठलेली सगळी ऊर्जा पिनियनवर आदळते. साध्या टायरवर चाक घसरले असते आणि धक्का रस्त्यावर निघून गेला असता, पण रुंद, मऊ स्लिक टायर जमीन सोडत नाही. मग सगळा भार पिनियनच्या एका-दोन दातांवर येतो, पिनियन क्राऊनपासून दूर ढकलला जातो, हाउसिंग किंचित वाकते, आणि दाताच्या मध्यावर असायला हवा तो स्पर्श कडेला सरकतो. आपण निळा रंग लावून दातांचे मार्किंग पाहता तेव्हा जो ठसा मध्यभागी शोधता, तो ऐन भाराखाली टोकाला गेलेला असतो आणि दात नेमका तिथेच उडतो. डेना 60 मध्ये क्राऊन पावणेनऊऐवजी पावणेदहा इंचांचा आहे, दात जाड आहेत आणि मधले हाउसिंग अवजड ओतकामाचे आहे, त्यामुळे ही सरकासरक कमी होते.

ऑटोमॅटिकमध्ये मात्र इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टरमधले तेल असते. ते भार उशिरा देत नाही, पण चढत्या क्रमाने देते, आणि दातांना तेवढे पुरते. शिवाय पावणेनऊ इंची अ‍ॅक्सल वजनाने हलका, आणि त्याचा मधला गोळा पुढून बोल्ट काढून सबंध बाहेर येत असल्यामुळे शर्यतीच्या मैदानावरही गुणोत्तर बदलणे सोपे. ज्यांनी वजनासाठी दारे आम्लात बुडवली, ते गरज नसताना जड अ‍ॅक्सल कशाला बसवतील?

प्रश्न : मला येथे एक डेना 60 विकत मिळतो आहे. तो मूळ हेमी डार्टचा असल्याचा विक्रेत्याचा दावा असून पुरावा म्हणून तो 4.88 हे गुणोत्तर दाखवतो. विश्वास ठेवावा का?
— एक वाचक, मिशिगन

उत्तर : केवळ तेवढ्यावर ठेवू नये. क्राऊनचे दात 39 आणि पिनियनचे 8 भरले की 4.88 सिद्ध झाले, पण असा जोड कोणत्याही डेना 60 मध्ये बसवता येतो. उलटपक्षी, खऱ्या गाडीतही तो जोड आज असेलच असे नाही, कारण शर्यतीच्या गाडीत क्राऊन-पिनियन ही झिजणारी, तुटणारी आणि बदलली जाणारी वस्तू होती.

अ‍ॅक्सलच्या नळीवर डेना कंपनीने ठोकलेला क्रमांक तारेच्या ब्रशने साफ करून वाचा. शाफ्टच्या स्प्लाइन (टोकावरच्या उभ्या खाचा) 35 आहेत का ते मोजा. स्प्रिंगच्या बैठकांमधले अंतर आणि टोकापासून टोकापर्यंतची रुंदी डार्टच्या मापांशी ताडून पाहा. नळीवर कापून पुन्हा वेल्डिंग केल्याच्या खुणा दिसल्या, तर तो मोठ्या गाडीचा किंवा ट्रकचा अ‍ॅक्सल आखूड केलेला आहे असे समजा. हा अ‍ॅक्सल ट्रकांतही सर्रास वापरला जात असे. क्रायसलरने 1968 पासून इंजिनावर आणि गिअरबॉक्सवर गाडीच्या क्रमांकाचा अंश ठोकायला सुरुवात केली, अ‍ॅक्सलवर मात्र तो नसे. त्यामुळे ज्या अ‍ॅक्सलवर कोणी डार्टचा एल-ओ-23 ने सुरू होणारा क्रमांक ठोकून दाखवत असेल, तो मुळीच घेऊ नका. अशा खोट्या ठशांनी दीडशे गाड्यांचा आधीच विस्कळीत झालेला इतिहास आणखी गढूळ होतो, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. अ‍ॅक्सल मापाने योग्य आणि दातांनी निरोगी असेल, तर तो चांगला अ‍ॅक्सल म्हणून, चांगल्या अ‍ॅक्सलच्या किमतीला जरूर घ्या.

प्रश्न : आमच्याकडे आजोबांची कुर्ल्यात जुळणी झालेली डॉज किंग्जवे आहे. हेमी डार्टचे भाग तिला चालतील का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायसलरच्या सहकार्याने कुर्ल्यात जोडलेल्या त्या गाड्यांत साधारणपणे साइड व्हॉल्व्हचे सहा सिलिंडरचे इंजिन असे, आणि त्याच्या सौम्य ताकदीला मूळ अ‍ॅक्सल पुरेसा आहे. त्यातले तेल बदला, पिनियनचे सील तपासा आणि आजोबांच्या वेळचे क्राऊन-पिनियन आहे तसेच राहू द्या.