बेघर लोकांच्या जीवनावर प्रबंध करतोय. किती मुलाखती पुरेशा होतील आणि त्यांना मानधन द्यावं का?

मानधन द्या, आणि बोलणं सुरू होण्याआधीच हातात द्या. ते मध्येच उठून गेले तरी परत मागायचं नाही. आकड्याचं म्हणाल तर चाळीस जणांना एकदा भेटण्यापेक्षा दहा जणांना चारदा भेटा. हे हट्टाने सांगतेय, कारण एका भेटीवर मी केलेली चुकीची नोंद छापली गेलीय.

अकरा वर्षांपूर्वी एका अभ्यासासाठी मी प्रश्नावल्या भरत फिरायचे. 'बेघर होण्याचं कारण' यापुढे सहा चौकटी होत्या. पन्नाशीच्या एका गृहस्थांनी विचारल्याबरोबर सांगितलं, दारू. मी खूण केली. काम संपल्यावरही मी त्यांना भेटत राहिले. पाचव्या की सहाव्या भेटीत सगळं क्रमाने बाहेर आलं. कामावर मनगट मोडलं, काम सुटलं, भाडं थकलं, महिनाभर बहिणीकडे काढला, मेहुण्याशी खटके उडायला लागले तसे स्वतःहून निघाले. दारू त्यानंतरची, उघड्यावर झोप लागावी म्हणून. मग पहिल्या दिवशी तसं का सांगितलंत? "तुमच्या कागदावर तेच पहिलं होतं. आधी आलेलेही तेवढंच लिहून घेऊन जायचे."

नोंद बदला म्हणून मी मार्गदर्शकांच्या मागे लागले. त्यांचं म्हणणं, पहिलं उत्तर निर्मळ, नंतरचं तुमच्या सहवासाने रंगलेलं. अहवालात ते गृहस्थ 'व्यसनामुळे बेघर' म्हणूनच गेले. मला हे तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पहिल्या भेटीत माणूस समोरच्याला हवं ते देतो आणि सुटका करून घेतो.

बेघरांच्या एका रात्रीत होणाऱ्या मोजणीतही हाच दोष असतो. रँडल कून आणि डेनिस कल्हेन या अमेरिकेतल्या संशोधकांनी न्यूयॉर्क व फिलाडेल्फियाच्या निवारा केंद्रांच्या काही वर्षांच्या नोंदी तपासून १९९८ मध्ये दाखवलं की सुमारे ८० टक्के लोक थोड्या काळापुरते येऊन बाहेर पडतात. दीर्घकाळ राहणारे जेमतेम १० टक्के, पण एकूण मुक्कामाचे निम्मे दिवस त्यांचे. म्हणजे कुठल्याही एका रात्री गेलात तर हेच लोक त्यांच्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त दिसणार, आणि बेघर माणूस म्हणजे कायमचाच बेघर, असं वाटणार.

म्हणून 'का' विचारू नका. 'त्याआधी कुठे राहत होतात, आणि त्याच्या आधी?' असं मागे मागे जात विचारा, वर्षं कागदावर आखून. मार्गदर्शक पहिल्याच उत्तरावर अडले, तर दोन्ही उत्तरं तारखांसह प्रबंधात छापा.

व्यसन आधी आणि घर नंतर गेलं, अशीही माणसं मला भेटलीत, ते नाकारत नाही. शिवाय वारंवार भेटलं की आशा लागते. तुमचं येणं कधी थांबणार, हे पहिल्याच दिवशी सांगा. मी ते सांगितलं नव्हतं.