एका विषयात एम.ए. झालं असताना दुसऱ्या विषयात एम.ए. केलं तर फी जास्त लागते का? शिष्यवृत्ती मिळते का?

तुमचं मराठीत एम.ए. झालंय, तेव्हा अनुसूचित जातीसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत होती, आणि आता अर्थशास्त्राला प्रवेश घ्यायचाय. मी याच वाटेने गेलेय, म्हणून सविस्तर लिहिते.

दुसरी पदवी आहे म्हणून आपल्याकडे कॉलेज जादा फी लावत नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलीला जी फी, तीच तुम्हाला. जाते ती सवलत. या शिष्यवृत्तीच्या नियमांत लिहिलंय, की शिक्षणाचा एक टप्पा पूर्ण करून त्याच टप्प्यावर दुसरा विषय शिकणारा विद्यार्थी अपात्र ठरतो. उदाहरणंही दिली आहेत: बी.ए.नंतर बी.कॉम., किंवा दुसऱ्या विषयात एम.ए. म्हणजे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलं, जातीचा दाखला असला, तरी अर्ज टिकत नाही.

माझं पहिलं एम.ए. इतिहासातलं. राज्यशास्त्राला प्रवेश घेताना खिडकीवरचे क्लार्क म्हणाले, ‘महाडीबीटीवर फॉर्म भर, येते स्कॉलरशिप.’ मी त्या सरकारी पोर्टलवर फॉर्म भरला. फेब्रुवारीत पाहिलं तर अर्ज नामंजूर. परीक्षेचा फॉर्म भरायला चार दिवस उरलेले आणि ऑफिसने पूर्ण फी मागितली. प्रवेशाच्या दिवशी माझ्याकडून एक हमीपत्र भरून घेतलं होतं: शिष्यवृत्ती आली नाही तर सगळी फी मी भरेन. गर्दीत तो कागद न वाचताच मी सही केली होती. शेवटी आईने भिशीतल्या बायकांना विनंती करून आपला नंबर आधी घेतला, तेव्हा परीक्षेचा फॉर्म गेला.

मला हा नियम अन्यायाचा वाटतो. तालुक्याच्या कॉलेजात जो विषय असतो तोच घेऊन आमच्यातली बरीच मुलं शिकतात. आपल्याला खरं काय शिकायचंय हे पुढे उमगलं, तर त्याची किंमत ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यानेच का मोजायची? पण नियम बदलेपर्यंत तुम्ही पैशांची सोय आधी करा. पहिलं एम.ए. लपवून फॉर्म मात्र भरू नका. ते उघडकीला आलं तर पैसे परत करावे लागतील, तेही वर्षाच्या मध्यात.

मुलींना फी माफ झाली असं कुणी सांगेल. ८ जुलै २०२४ चा तो शासन निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांचा आहे, एम.ए. त्यात बसत नाही.

आधी चौकशी करा की तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित. एकाच कॉलेजात दोन्ही असतात आणि फीमध्ये मोठा फरक पडतो. विद्यापीठाच्या विभागातली फीही विचारून घ्या. इग्नूचं अर्थशास्त्राचं एम.ए. नोकरी सांभाळून करता येतं, कमावता कमावता फी भरायची असेल तर मी तेच सुचवेन. कॉलेजातच जायचं असेल तर हप्त्यांसाठी प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. फीच्या पावतीत शिक्षण शुल्क किती आणि बाकीचं कशाकशाचं, तेही पाहा. हमीपत्र पुढे आलं तर बाजूला उभं राहून पूर्ण वाचा आणि सही केल्यावर त्याची झेरॉक्स घेऊनच तिथून निघा.